शब्द न पुरवण्याचं वर्ष

पाण्याची टाकी मागे पडली, लाकडाच्या वखारीचा ओला वास आला आणि संपला, तरी ताईंनी तोंड उघडलं नव्हतं. एरवी टाकी येईपर्यंत त्यांच्या तीन माणसांच्या नकला करून झालेल्या असायच्या. भावजयीने दोनदा तिरक्या नजरेने पाहिलं. ताईंचा डावा गाल अजून आत लिंबू ठेवल्यासारखा फुगलेला होता. दोन दिवसांपूर्वीच दाढ काढली होती. दुखत असेल, कशाला बोलवा, म्हणून ती गप्प राहिली. कालव्याच्या पुलावर मात्र ताई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी सहा मुलांचं अर्धं वर्ष खाल्लं."

"खाल्लं म्हणजे काय, वन्सं?"

"खाल्लं म्हणजे खाल्लं. ढेकरसुद्धा दिला नाही."

भावजयीला हसू फुटणार होतं, पण ताईंच्या डोळ्यांकडे बघून ते तिने आतल्या आत जिरवलं.

ताई तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही, राहायला जिन्यापलीकडच्या खोलीत. सकाळचं चालणं भावजयीबरोबर आणि संध्याकाळचं जेवण भावाच्या घरी, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बत्तीस वर्षं त्यांनी एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टरचं काम केलं. तिथे त्यांना सगळे कुजबुजताई म्हणत.

हे काम लोकांना वाटतं तेवढं साधं नाही. विंगेत पडद्याच्या दोरीशेजारी एक स्टूल, मांडीवर संहिता, निळा कागद चिकटवलेली बॅटरी. नट विसरला की त्याला वाक्य सांगायचं, हे कोणीही करील. ताई विसरायच्या आधी सांगत. बोलता बोलता नटाचा अंगठा तर्जनीला घासायला लागला, मान जराशी वर गेली, की त्यांना कळे की याची पुढची ओळ गेली. त्या वाक्याचं पहिलं अक्षर नुसतं श्वासावर सोडत. ते प्रेक्षकाला कधी ऐकू आलं नाहीच, पण पुष्कळदा नटालाही कळत नसे. त्याला वाटे, आपल्यालाच आठवलं. एका मोठ्या नटाने तर निवृत्तीच्या भाषणात, मला आयुष्यात कधी प्रॉम्प्टिंग लागलं नाही, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ताई तेव्हा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मग नटांच्या कानात मटाराएवढी यंत्रं आली आणि ताईंचं स्टूल अडगळीत गेलं. त्याच सुमाराला जवळच्या शाळेच्या फाटकावर एक कागद लागला. दुसरी-तिसरीतल्या मागे पडलेल्या मुलांजवळ बसून वाचन करून घ्यायला मोठी माणसं हवीत. पदवीची अट नाही. रोज दोन तास, एकेका मुलाला वीस मिनिटं, आणि वर्षभर खाडा करायचा नाही. ताईंनी त्याच दिवशी नाव दिलं.

भावजयीला मुळातच चौकशा फार. दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "वन्सं, तुम्हाला काय मिळतं हो तिथे?"

"काय मिळायचंय? वेळ जातो."

महिन्याने तिने परत विचारलं. "माहीत नाही गं," ताई म्हणाल्या, "पण अलीकडे सकाळी उठावंसं वाटतं." या उत्तराने भावजयीचं कुतूहल शमलं नाही, उलट वाढलं. खेळाच्या सामानाच्या खोलीशेजारी एक अरुंद खोली, दोन बुटक्या खुर्च्या, मूठ तुटलेलं कपाट, आणि अडखळत वाचणारं एक मूल. त्यात उठावंसं वाटण्यासारखं काय असेल?

एवढं तिला दिसत होतं की काम जोरात चाललंय. तिसऱ्या महिन्यात ताईंची सहाच्या सहा मुलं घडाघडा वाचायला लागली. बाकीच्या स्वयंसेवकांची मुलं अजून अक्षराला अक्षर जोडत होती. मुख्याध्यापिका बाईंनी ताईंचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. ताईंचे पाय जमिनीला लागेनात.

आणि मग दाढ काढली. डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा घातला आणि ओठ हलवू नका म्हणून बजावलं. खाडा करायचा नव्हता, म्हणून ताई दुसऱ्या दिवशी तशाच शाळेत गेल्या. पहिला मुलगा आला, पुस्तक उघडून बसला आणि बसूनच राहिला. त्याला ताप असेल असं वाटून ताईंनी कपाळाला हात लावून पाहिला. दुसरी मुलगी आली. एक ओळ रेटली आणि थांबली. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांचं तेच. सगळी मुलं पुस्तकाकडे एकदा आणि ताईंच्या तोंडाकडे चारदा बघत होती.

सहावी आली सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी. तिला सगळी शाळा घंटी म्हणायची, कारण ती दाराबाहेरूनच वाजायला लागायची. तिने पुस्तक उघडलं, ताईंच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आज तुमचं तोंड बंद आहे. मग मी कसं वाचू?"

"बघ ना," पुलावर ताई सांगत होत्या, "मला ठाऊकच नव्हतं गं मी सांगतेय ते! देवाशपथ नव्हतं ठाऊक. पोरगं अडायच्या आधीच माझ्या तोंडून अक्षर सुटायचं. बत्तीस वर्षांची सवय. मुलं माझ्या ओठांवरून वाचत होती, आणि मी खुळी मिरवत होते."

पुलाखालून पाणी संथ चाललं होतं. भावजयीला समजूत घालावीशी वाटली. मनात आलं तेच ती बोलली. "मी रोज देवापुढे बसते ना, वन्सं, तेव्हा पुष्कळदा अडते. काय मागायचं तेच धड सुचत नाही. तो काही शब्द पुरवत नाही मला. नुसता ऐकतो. कधी कधी वाटतं, त्याने मध्ये तोंड घातलं असतं तर माझं बोलणं अर्ध्यावरच राहिलं असतं."

ताई कठड्यापासून दूर झाल्या. "तुझ्या देवाला माझ्या विंगेत बसवला असता तर पहिल्याच अंकात नाटक पडलं असतं," त्या म्हणाल्या. पण चालताना पुढचा अर्धा रस्ता त्या काहीतरी घोळवत होत्या, हे भावजयीच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी ताई तडक मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेल्या. "बाई, माझी सहाही मुलं वाचत नाहीत. मी वाचते."

बाईंनी हजेरीपुस्तकातून मान वर केली. "मला थोडी शंका होतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडून मुलं हसत बाहेर यायची. म्हटलं, निदान पुस्तकाची भीती तरी जातेय." बाईंनी पुस्तक मिटलं. "आता पाच महिने राहिलेत. तुम्ही गप्प बसा."

"तेच तर मला येत नाही."

"मुलांना वाचता येत नाही आणि तुम्हाला गप्प बसता येत नाही. छान जोडी जमलीय. लागा शिकायला."

शाळेचा नियम असा होता की वर्षअखेरीला या मुलांनी न पाहिलेलं एक पान बाईंसमोर एकट्याने वाचायचं. वाचलं तर वरच्या वर्गात, नाहीतर पुन्हा त्याच वर्गात. पाच मुलं कशीबशी सावरतील असं ताईंना वाटत होतं. काळजी होती ती घंटीची. ती सगळ्यात जास्त ताईंच्या ओठांवर वाढली होती. तिची बहीण एका वर्षाने धाकटी, वाचनात चुरचुरीत. घंटी खाली राहिली असती तर ती बहीण तिच्याच वर्गात येऊन बसली असती.

"मग ती मला अक्का म्हणणार नाही," घंटीने ताईंना एकदा सांगून टाकलं. "आत्ताच म्हणते, तू राहा, मी येते."

ज्या मुलीचं हे व्हायचं होतं तिचं अर्धं वर्ष आपण वाया घालवलं, हे ताईंच्या मनातून जाईना.

गप्प बसायला शिकणं सोपं नव्हतं. ताईंनी आधी दातांत पेपरमिंटची गोळी धरून पाहिली. ती चघळताना ओठ हलायचे आणि घंटी त्यावरूनही अंदाज बांधायची. मग त्या तिच्या पाठीमागे बसल्या. घंटी मान उलटी वळवून बघायची. शेवटी शेजारी शेजारी, दोघींची तोंडं भिंतीकडे, अशा खुर्च्या मांडल्या. भिंतीवर ओल आलेला एक डाग होता. ताई त्याच्याकडे बघत बसायच्या.

"बत्तीस वर्षं शांततेला घाबरले गं मी," त्या चालताना सांगत. "रंगमंच तीन सेकंद गप्प झाला की मी पुढचं अक्षर सोडलंच. आणि इथे ही पोरगी मिनिट मिनिट गप्प! माझ्या जिभेला मुंग्या येतात."

घंटी तरी कुठे सरळ बसणार? अडली की विषय बदलायची. "ताई, आमच्या दुकानात काल एका आजोबांची सायकल आली, तिला ब्रेकच नव्हते." "ताई, तुमचे केस खरे आहेत का?" ताई भिंतीवरच्या डागाकडे बघत म्हणायच्या, "खरे आहेत. वाच." दोन आठवडे असे गेले. एका पानाला तीन दिवस लागले. एकदा तर घंटीने पुस्तक आपटलं आणि म्हणाली, "तुम्ही आधी चांगल्या होता."

ते ताईंना फार लागलं. त्या दिवशी चालायला आल्या तेव्हा सोडून द्यायच्या गोष्टी करत होत्या.

पण मग त्यांना एक गोष्ट दिसली. दिसण्यात त्या आधीपासूनच तरबेज. घंटीचे पाय जमिनीला पोचत नसत आणि सारखे हलत. अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं असेल तेव्हा पाय जोरात हलायचे. कंटाळली की एकच पाय हलायचा. आणि कधीतरी दोन्ही पाय एकदम थांबायचे. तेव्हा ती खरोखर अक्षरं बघत असायची. ताईंनी आठवडाभर नुसते पाय पाहिले. पाय थांबले की त्या मनात आकडे मोजत. एकदा चौतीसपर्यंत गेल्या. पस्तिसाव्याला घंटीच्या तोंडून शब्द आला, पूर्ण, बरोबर, तिचा स्वतःचा.

"नाटकात मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या," ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. चालता चालता त्या थांबून हातवारे करायला लागल्या, तसा मागून येणारा पेपरवाला वळसा घालून गेला. "माणूस बोलतोय किंवा माणूस अडलाय. मधे आणखी एक तिसरंच असतं गं! माणूस शोधतोय. बाहेरून दिसतं अडल्यासारखंच, पण आत पूर्ण कारखाना चालू असतो. मी आजवर किती जणांचे कारखाने बंद पाडले असतील देव जाणे."

भावजय म्हणाली, "मग नटांनाही जरा वेळ मिळाला असता तर आपलं आपण आठवलं असतं म्हणता?"

"एखाद्याला आठवलं असतं. एखादा तोंडावर पडला असता. पण बघायची संधीच दिली नाही मी."

भावजयीला वाटलं, आपल्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी असणार. काय मिळतं विचारलं तर ताईंना नीट सांगता येत नसे. पण पूर्वी त्या सगळं आधीच कळल्यासारख्या चालत, आणि आता एखाद्या लहान मुलीसारख्या बघत चालत होत्या. वखारीतला माणूस फळी निवडताना किती वेळ हात फिरवतो, हेसुद्धा त्या उभ्या राहून बघत.

याचा खरा झटका बसला घरात.

ताईंचा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला. बोलताना लहानपणापासून अडखळायचा. आई गेल्यावर त्याची वाक्यं पूर्ण करायचं काम ताईंनी उचललं होतं आणि लग्नानंतर ते भावजयीने वाटून घेतलं होतं. एका संध्याकाळी जेवणं आटोपली. भाऊ म्हणाला, "मला पण च... च..."

नेहमीप्रमाणे भावजय चहा टाकायला उठली. ताईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. ताई आढ्याकडे बघत राहिल्या. भावजय पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिली. भाऊ दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या कपाळाची शीर फुगली. भावजयीला ते बघवेना, पण मनगट सुटेना.

"मला पण च... चालायला यायचंय. सकाळी. तुमच्याबरोबर."

ताईंच्या हातातून भावजयीचं मनगट सुटलं.

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" ताई म्हणाल्या.

"बोलायच्या आत च... चहा यायचा."

भावजय हसत सुटली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जेवणानंतरचा तो चहा त्याला कधीच आवडला नव्हता, हेही त्या दिवशी कळलं. बायकोने प्रेमाने आणलाय म्हणून बिचारा सतरा वर्षं पीत होता. दुसऱ्या दिवसापासून टाकी, वखार, पूल, असे तिघं चालायला लागले. भाऊ बोलायचा फारसा नाही. पण जे बोलायचा ते शेवटपर्यंत बोलायचा, आणि ते ऐकताना भावजयीला अधूनमधून वाटायचं, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे की नाही?

वर्षअखेरीचा दिवस आला. पाच मुलांची वाचनं आदल्या दिवशी झाली होती. चौघं सुटली होती, पाचवा थोडक्यात राहिला. घंटी शेवटची. ताई घाईत चष्मा घरीच विसरल्या, तो द्यायला भावजय शाळेत गेली, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीचं दार नुकतंच लागत होतं. ताई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. भावजय शेजारी टेकली.

दाराला वरच्या बाजूला झडप होती, ती उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग घंटीचा आवाज आला. एक शब्द, दुसरा शब्द, आणि पुन्हा काही नाही. खुर्ची करकरली. व्हरांड्याच्या टोकाला शिपाई बादली घासत होता, तेवढाच आवाज. भावजय मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी दोन्ही ओठ दातांत धरले होते आणि बाकाची कड घट्ट पकडली होती. आतून ओळ आली, अर्धी. थांबली. पुढची अर्धी आली. एका ठिकाणी घंटीने चुकीचं वाचलं, स्वतःच "नाही" म्हणाली, मागे गेली आणि नीट वाचलं. ताईंचे खांदे तेव्हा पहिल्यांदा खाली आले.

पानाला अकरा मिनिटं लागली. भावजयीने व्हरांड्यातल्या घड्याळावर मोजली. बाकीच्या मुलांनी तीन-चार मिनिटांत संपवलं होतं.

दार उघडून घंटी बाहेर आली ती घामाघूम. "संपलं! मी संपवलं! त्यात एक बकरी होती, ती शेवटी घरीच जाते," असं ओरडून ती पाण्याच्या नळाकडे पळाली. तिच्यामागून मुख्याध्यापिका बाई आल्या.

"वरच्या वर्गात जाईल," त्या म्हणाल्या. "हळू आहे, पण वाचते ती स्वतः. मात्र ताई, हे अजून कच्चं आहे. पुढचं सबंध वर्ष रोज कोणीतरी शेजारी बसायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत परत जिथल्या तिथे येईल. आणि पहिल्या दोन ओळींना ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती, तेही सांगून ठेवते. मी खिडकीकडे वळले तेव्हा कुठे पानाकडे बघायला लागली."

बाई आत गेल्या. नळापाशी घंटी कोणाला तरी बकरीची गोष्ट सांगत होती. ताईंनी चष्मा घेतला, पण डोळ्यांना लावला नाही. पदराने काचा पुसत बसल्या.

"पुढच्या वर्षीसाठीही मी नाव दिलंय," त्या म्हणाल्या. "नवी सहा मुलं. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून गप्प बसेन, तेवढं येईल मला आता. पण हिच्याजवळ मी नको. माझं तोंड तिला पाठ आहे. मी भिंतीकडे बघत असले तरी ती माझ्या गालावरून ओळखते."

"मग कोण बसेल?"

"तेच विचारतेय. तू बसशील?"

भावजयीने मागे वळून पाहिलं, जणू ताई आणखी कोणाला विचारत होत्या. "मी? अहो वन्सं, मी सातवीपर्यंत शिकलेली!"

"पुस्तक तिसरीचं आहे." ताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वर्षभर मला विचारत होतीस ना, काय मिळतं म्हणून? ते मला सांगता येणार नाही, आणि त्यासाठी तू यावंस असंही नाही. तिच्यासाठी ये. सोमवारपासून सुट्टीतले वर्ग आहेत. रोज वीस मिनिटं, एक वर्ष, खाडा न करता. अगं, खरंच विचारतेय. बसशील तिच्यापाशी?"